क्लोरीनचा तास

क्रेफेल्ड, २ जून १९१५

चि. फोल्कमार यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी पन्नाशी उलटली तरी मी चि.च लिहिणार. थोरल्या बहिणीला एवढा हक्क असू दे.

रविवारी प्रार्थना आटोपून बाहेर पडत होते, तेव्हा यांच्या कापड रंगवायच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, की तुमच्या भावाने बर्लिनला नाही म्हटलं हे खरं का. मला काय ठाऊक? मग त्यांच्याकडूनच कळलं, की युद्धखात्याचा माणूस तुझ्या दारी आला होता, क्लोरीनचा विषारी वायू बनवायला नवी प्रयोगशाळा आणि दरबारी पदवी देऊ करत होता, आणि तू त्याला कॉफीसुद्धा न विचारता वाटेला लावलंस.

बाबांनी कातडी कमावून तुला शिकवलं. आम्लाने भोकं पडलेले तुझे सदरे मी रफू केले. अख्ख्या जर्मनीत क्लोरीन तुझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं तुझेच विद्यार्थी सांगतात. माझा गेरविन फ्लँडर्सच्या आघाडीवर चिखलात आहे. लोक म्हणतात, या वायूने युद्ध नाताळच्या आत संपेल. मग तुझाच हात का आखडला? भाचा मोठा की तुझं तत्त्व, ते सरळ लिहून कळव.

बाकी ठीक. पावात हल्ली बटाटाच जास्त, तो यांना पचत नाही.

रागावले आहे, पण माया रागाहून जुनी आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ओटीली


आल्टनब्रुक, ७ जून १९१५

ती. ताईस,

सा. न. वि. वि. कॉफी विचारली होती. त्याने दोन कप घेतले आणि साखर कमी आहे म्हणाला.

तो म्हणाला, हे काम तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही. मी म्हटलं, म्हणूनच माझं 'नाही' जास्त वजनाचं आहे. तुला आठवत असेल, तरुणपणी माझ्या हातात काचेचं भांडं फुटलं होतं. मी एकच श्वास घेतला, आणि अख्खा हिवाळा तू माझ्या उशाशी वाफेचं पातेलं धरून बसलीस. त्या गृहस्थाला मैलभर खंदकातल्या सगळ्यांच्या छातीत तेच भरायचं आहे.

भाचा की तत्त्व, विचारतेस. भाचाच. पलीकडेही रसायनवाले आहेत, ताई. त्यातले काही माझ्याकडेच शिकले. लीड्सचा तो लालकेस्या इंग्रज पोरगा, ज्याला तू आलुबुखारचा केक खिलवलास, तो काय आता बागकाम करत असेल? आज आपण सोडला तो वायू उद्या ते सोडतील, आणि तेव्हा गेरविन वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभा असेल हे बर्लिनला ठाऊक नाही.

गुरुवारी क्लोरीनचा तास होता. दरवर्षीसारखं मीठ सांगितलं, तांबडं फडकं बरणीत घालून पांढरं करून दाखवलं, मग त्यापासून बनणारे रंग सांगितले. आणि यंदा फुप्फुसही सांगितलं. काय होतं, किती वेळ लागतो, आणि कोण ते मुद्दाम करतंय, तेही. मागच्या बाकांवरून बूट घासायला लागले, वर्ग नाराज असला की आमच्याकडे घासतात तसे. पोरं दमेपर्यंत थांबलो आणि पुढे शिकवलं. दुसऱ्या दिवशी कुलगुरूंनी बोलावून सांगितलं, की तेवढा भाग वगळा. मी म्हटलं, क्लोरीन कुठे थांबतं ते मी ठरवत नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच तास घेणार आहे.

मेहुण्यांना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा धाकटा,
फोल्कमार


क्रेफेल्ड, २० जून १९१५

फोल्कमारला आशीर्वाद.

आमच्या दारावर कुणी चुन्याने 'देशद्रोह्याची बहीण' लिहून गेलं. घासून काढलं, पण ओलं झालं की अजून वाचता येतं. मालकांनी यांना बोलावून सांगितलं, की असला मेहुणा असलेला मुकादम त्यांना परवडणार नाही. तू तिकडे शूर झालास, आणि भोगतो आम्ही.

गेरविन रजेवर येतोय. त्याला मी सगळं कळवलं आहे. घरी येण्याआधी तो तुझ्याकडे उतरेल, आणि वर्दी घालून तुझ्या वर्गात बसेल. जे बोलायचं ते त्याच्या तोंडावर बोलून दाखव. मीच त्याला पाठवते आहे.

तोवर लिहू नकोस.

ओटीली


आल्टनब्रुक, ३ जुलै १९१५

ती. आईस,

सा. न. वि. वि. सुखरूप पोचलो. मामा वाळला आहे, पण जेवतो नीट.

तू म्हणालीस तसाच गेलो. वर्गाला कुलूप होतं. कुलगुरूंच्या हुकमाने मामाचे तास बंद झालेत. तर हा आवारातल्या दगडी जिन्यावर उभा राहून शिकवत होता. मुलं बहुतेक आघाडीवर, त्यामुळे समोर विद्यार्थिनीच जास्त, आणि एका हाताचा एक माजी सैनिक. मला बघितलं तरी मामाने आवाज खाली आणला नाही. फुप्फुसापाशी आला, तसं खिडकीतून कुणी ओरडलं, की समोर सैनिक बसलाय, त्याला सांगा हे. मामा म्हणाला, तो माझा भाचा आहे आणि त्यालाच सांगतोय. मग मला विचारलं, तुला काही बोलायचंय का.

आई, मी त्याला खाली बघायला लावायला गेलो होतो. उठलो, आणि तोंडातून दुसरंच आलं. एप्रिलमध्ये आम्ही त्या ढगामागून चालत गेलो. तुला लिहिलं होतं, की गोळी न झाडता जागा घेतली. ते खरंच आहे. खंदकात माणसं पडली होती, अंगावर जखम नाही. श्वासासाठी स्वतःच्याच हातांनी गळपट्ट्या फाडलेल्या. एकाची बोटं अजून हलत होती, आणि मी त्याला ओलांडून पुढे गेलो. एवढं सांगून खाली बसलो.

कुणी बूट घासले नाहीत. त्या एका हाताच्या माणसाने कठड्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, आणि मग सगळ्यांनीच. तास आवडला की असं करतात, हे मला नंतर मामाने सांगितलं.

संध्याकाळी मामाला बडतर्फीचा कागद आला. घर विद्यापीठाचं, तेही सोडायचं. त्याने कागद वाचला, आणि उद्याच्या तासाची तयारी करायला बसला. उद्या ब्रोमीन आहे.

मंगळवारी घरी येतो. तोवर मला माफ केलंस असं समजून आहे.

तुझा,
गेरविन


क्रेफेल्ड, १६ जुलै १९१५

चि. फोल्कमार यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. गेरविन काल परत आघाडीवर गेला. घरी असताना विहिरीपाशी हात धुवायचा, पुन्हा धुवायचा.

तुझं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही. माझं पोर परत यावं म्हणून मी काहीही कबूल करीन. तू कधी आई झाला नाहीस, तुला कळायचं नाही. पण त्याला तसं ओलांडून चालायला लावणारं जे आहे, त्यात माझ्या भावाचा हात नाही, एवढं मला पुरतं.

मालकांनी यांना स्पष्ट सांगितलं, की तू या घरात आलास तर यांची नोकरी जाईल. हे घरी आले, जेवले, आणि शेजाऱ्याला हाताशी घेऊन पलंग पोटमाळ्यावर चढवला. तेव्हा पुस्तकं बांध आणि ये. प्रयोगाचा तो नाजूक वजनकाटा मांडीवर धरून आण, गाडीत धक्के फार बसतात.

इथे राहायला येणार म्हणून तुझं नाव नोंदवायला मी काल ठाण्यात गेले. हवालदाराने लिहिलं, माजी प्राध्यापक. मी म्हटलं, 'माजी' खोडा. तो म्हणाला, विद्यापीठाने काढलंय ना. मी सांगितलं, विद्यापीठाने पगार काढलाय. शिकवायचं माझ्या भावाने अजून सोडलेलं नाही. तो म्हणाला, मग शिकवतात कुणाला ते सांगा. मी माझं नाव सांगितलं. मी तिथून हलले नाही. मागे रांग वाढत होती.

शेवटी त्याने खोडलं.

वाट बघते,
तुझी ताई,
ओटीली