हुकूम ऐकून राहिलो

बाबा, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही आधी हसला असतात, मग चिडला असतात.

महाराष्ट्र होऊन वर्षही झालं नव्हतं. वेगळ्या विदर्भासाठी निघालेल्या मोर्चाचा तो खटला अमरावतीत गाजत होता, आणि आरोपीचे वकील तुम्ही, पुण्याहून येऊन इथे वकिली थाटलेले. आरोपी बडनेऱ्याचा, रेल्वेतला फिटर. शिक्षा झाली की तुरुंग, वर नोकरीही गेली! आणि त्याच्या गळ्याशी आला होता त्याचाच जबाब: "पांगण्याचा हुकूम ऐकून राहिलो होतो." हुकूम ऐकला तरी हा तिथेच राहिला, आणखी काय पुरावा हवा, असं सरकारी वकील म्हणायचे. तुम्ही आठवडाभर डोकं धरून बसला होतात.

आई स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर जेवताय, मी कॉलेजला निघालेली. "मी काय सांगतोय, ऐकतेस ना?" "हो बाबा, आयकून राहिली ना मी!" झालं! "राहिली काय राहिली? ऐकते आहे म्हण! शंभरदा सांगितलं..." आणि तुमचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, म्हणजे तो हुकूम ऐकत होता! ऐकता ऐकताच धरला त्याला!" खरकट्या हातानंच तुम्ही कागद आणायला धावलात. तो बिचारा वऱ्हाडी बोलला होता आणि तुम्ही सगळे शहाणे पुस्तकी मराठी वाचत होतात. आई म्हणाली, "अवो, इतकी वर्षं मी काय बोलून राहिली, ते आज समजलं तुमाले?"

त्या दिवशी मी कॉलेज बुडवून कोर्टात मागे बसले. साक्षीला सरकारी बाजूचाच हवालदार, परतवाड्याचा. तुम्ही साळसूदपणे विचारलंत, "हवालदार, माझा प्रश्न ऐकताय ना?" "हो सायेब, आयकून राहिलो न!" सगळं कोर्ट खो खो हसलं. कोकणातले जज्जसाहेब तेवढे गोंधळले, तर त्यांना अर्थही त्या हवालदारानंच समजावला, छाती फुगवून. पुढे फिटर सुटला, आणि शेंदूरजनाघाटच्या सासऱ्याकडची संत्री करंडीभर घेऊन आला. तुम्ही तुमचं शाईचं पेन माझ्या हातात ठेवलंत. "खटला तू जिंकलास. आता बोल तुला हवं तसं."

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिण्याची हिंमत झाली. तुम्ही गेल्यावर मी अकोल्याला मराठीची बाई झाले. त्याच पेनात लाल शाई भरली आणि तीस वर्षं पोरांच्या वह्यांतलं 'करून राहिलो' खोडत बसले.

आता रागवा, बाबा. मी आयकून राहिली.