यॉर्कटाऊनला एनॉक भेटला

यॉर्कटाऊन, व्हर्जिनिया
२० ऑक्टोबर १७८१

प्रिय आई,

मी धडधाकट आहे, खोकलाही गेला. काल इंग्रजांनी शस्त्रं खाली ठेवली. आता आपल्यावर राजाचं राज्य राहणार नाही.

शरण आलेल्यांत आपला धाकटा एनॉक दिसला. आमच्या फौजेतून पळाला होता, तो राजाच्या शिपायांचा लाल कोट चढवून बसला होता. हातापायांनी शाबूत आहे.

कप्तानाने त्याच्याकडे बोट दाखवलं. "हा आपल्यातून पळालेला फितूर तर नाही? ओळखतं का कोणी?"

ओळखलं असतं तर तो फासावर गेला असता. मी म्हणालो, "हा इंग्रजच आहे, साहेब."

नंतर मी त्याला पाव दिला. त्याने तो चिखलात फेकला. "बंडखोरांचं खरकटं मला नको."

"तुझ्या राजाच्या शिपायांनी घर पेटवलं तेव्हा बाबा आत होते, एनॉक."

"तू बंदूक उचलली नसतीस तर ते शिपाई आले असते का?"

माझा हात उठला होता, शेजारच्याने धरला.

सरपण भरलंस ना? गुडघे कसे आहेत?

त्याला मी तुझ्यासाठी वाचवलं. तो कधी आलाच, तर दार तूच उघड. मी उघडणार नाही.

तुझ्या पायांशी,
थोरला जोथम