एका पत्रात एक हिवाळा

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, २ फेब्रुवारी २०२५

चि. ईशान यास पद्मजामावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. काकांची नदीची वही शहराच्या कामाला येणार, हे ऐकून ते खूप हसले असते. एकतीस हिवाळे दर रविवारी आमच्या परसामागे नदीच्या बर्फाला भोक पाडून त्यांनी जाडी मोजली. वसंतात बर्फ कुठे अडला तेही लिहिलं. शेजारी त्यांना वेडा डॉक्टर म्हणत. ते गेले, मी इकडे लेकाकडे, अनिशकडे आले आणि तू शिकायला नेमका आमच्याच गावात गेलास.

वही टपालात टाकायला धीर होत नाही. उतरवून पाठवीन, एका पत्रात एक हिवाळा. पहिला सोबत आहे. टोपी घालतोस ना? तुझ्या आईला उत्तर मला द्यावं लागतं.

तुझी मावशी

मिनेसोटा, १३ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

दोन हिवाळे मिळाले. टोपी घालतो, दोन घालतो.

शिकता शिकता मी शहराच्या ज्या पूर खात्यात उमेदवारी करतो, तिथे बर्फ कापणारं एकच यंत्र आहे. ते बर्फावरून सरकत चर पाडतं, म्हणजे थर एकदम सुटून अडत नाही, पाणी तुंबवत नाही, तुकड्यांनी वाहून जातो. मार्चच्या मध्यापर्यंतच बर्फ त्याचं वजन पेलेल. चर कुठे पाडायचे? साहेब म्हणतात वळणावर. खात्री कुणालाच नाही. खालच्या वस्तीत पाणी शिरलं ती वर्षं मला हवीत. अनिशदादा वही स्कॅन करून देईल का? दहा मिनिटांचं काम आहे.

तुझ्या पत्राची वाट बघणारा
ईशान

फ्रीमाँट, २० फेब्रुवारी

चि. ईशान यास अनेक आशीर्वाद.

अनिशला वेळ नाही. शिवाय काकांची पेन्सिल पुसट, स्कॅनमध्ये येत नाही. तिसरा हिवाळा पाठवते.

इथे ऊन आहे. झाडाला संत्री आहेत, कुणी खात नाही. सकाळी सगळे फ्रीवेला लागतात. मग उरतो मी आणि पोस्टमन. मी पेटी दोनदा बघते, तो एकदाच येतो.

दुपारी बर्फ अजून कण्हतो का रे? तो आवाज आला की काका घास हातात धरून थांबत. मीही थांबे. सविस्तर लिही.

मावशी

मिनेसोटा, २ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

अनिशदादाला फोन केला. स्कॅन करू का, असं त्यानेच तुला विचारलं होतं म्हणे. तू वही कपाटात ठेवलीस आणि किल्ली घेतलीस. आणि काका शाईने लिहीत.

मावशी, मी रागावलो नाही. पण खालच्या वस्तीत दोनशे घरं आहेत. तुझी मैत्रीण मार्था तिथेच असते, आता चाकाच्या खुर्चीत. आवाजाचं नंतर लिहितो.

ईशान

फ्रीमाँट, ६ मार्च

चि. ईशान यास आशीर्वाद.

वही कुरियरने पाठवली, उद्या पोचेल. पाणी शिरलं त्या चार वर्षांच्या पानांत दोरे घातलेत. चारही वेळा बर्फ वळणावर नाही, रेल्वे पुलाच्या तिसऱ्या खांबाशी अडला. मला ते पाठ आहे. पहिल्याच पत्रात लिहू शकले असते.

एकतीस हिवाळे म्हणजे एकतीस पत्रं, असं मी धरून चालले होते. मार्था मनात आलीच नाही. लाज वाटते.

आता पाठवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तरी लिहिलंस तर बरं वाटेल.

मावशी

मिनेसोटा, २९ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तिसऱ्या खांबाच्या वरच्या अंगाला चर पाडले. काल दुपारी बर्फ सुटला. तुकडे खांबाला घासत, वळत गेले. संध्याकाळी पुलाखाली नुसतं काळं पाणी होतं. खालचे रस्ते कोरडे आहेत. मार्था खिडकीत बसून होती. तिने तुझा पत्ता घेतला.

तो आवाज कण्हण्याचा नव्हता. रिकाम्या खोलीत कुणी जड पेटी सरकवावी, तसा होता. मी डबा हातात धरून थांबलो.

काकांच्या शेवटच्या नोंदीपुढे पानं कोरी होती. वही आल्यापासूनचे रविवार मी त्यांवर लिहिलेत. वही परत पाठवत नाही, टपालात टाकायला धीर होत नाही. उतरवून पाठवीन, एका पत्रात एक रविवार. पहिला हा: नऊ मार्च, एकोणीस इंच.

पेटी दोनदा बघत जा.

तुझा
ईशान