लाईट आली म्हणजे अण्णा खाली उतरले

अण्णा, येत्या रविवारी माझी परीक्षा आहे. कसली, ते तुम्हाला सांगणं अवघड, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गावातला एकुलता एक कॉम्प्युटर शाळेच्या कुलूपबंद खोलीत प्लास्टिकच्या कव्हराखाली होता. पुष्कळ मशीन एकमेकांना जोडून त्यांच्यावर अवाढव्य माहिती साठवतात. त्या सगळ्या गोतावळ्याला क्लस्टर म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्या माणसाला ह्या परीक्षेचं सर्टिफिकेट लागतं. सध्या मी अंबाजोगाईत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. पास झाले तर नोकरी पक्की होईल आणि आम्ही तिघंही पुण्याला जाऊ. आई तयार आहे. तुमच्या धाकट्यानंही कबूल केलंय, की तू पास झालीस त्या दिवशी खांबावर चढणं बंद. होय अण्णा, तो चढतो. हे तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

तोही तुमच्यासारखा झिरो आहे. सरकारी वायरमन दुसराच, पगार त्याचा, आणि वर चढणारा हा. वायरमनही तोच, तुमचाच. आता त्याचे गुडघे गेलेत, केस पिकलेत. धाकटा म्हणतो, "म्हाताऱ्याचा लई जीव हाय माज्यावर." ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

अभ्यासासाठी मी स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी जुने लॅपटॉप मांडून छोटा क्लस्टर केला आहे. आई भाजी चिरताना त्यांच्यावर फडकं टाकते, फोडणी उडू नये म्हणून. त्यातला एक मास्टर, बाकीचे त्याच्या हाताखालचे. हाताखालचं प्रत्येक मशीन, म्हणजे नोड, मास्टरला सारखं कळवत राहतं, की मी आहे. ह्या निरोपाला हार्टबीट म्हणतात. निरोप थांबला तर मास्टर ठरलेला वेळ वाट बघतो, मग त्या मशीनला मेलेलं धरतो आणि त्याच्याकडची माहिती जिथे दुसरी प्रत असेल तिथून काढून पुन्हा भरून घेतो. पुस्तकात हे अर्ध्या पानात उरकलंय. त्या अर्ध्या पानावर माझी अख्खी दुपार गेली.

कारण हे आपल्या घरात होतं, अण्णा. तुम्ही लाईनवर गेलात की गावाची लाईट जायची. लाईन बंद ठेवायची परवानगी, म्हणजे परमिट, वायरमन त्याच्या नावावर घ्यायचा. तुम्ही उतरलात की तो सबस्टेशनला फोन करून परमिट परत करायचा आणि चुलीवरचा तो धुरकटलेला बल्ब लागायचा. बाकीच्या बायका दिव्याला हात जोडायच्या. आई नुसती म्हणायची, "उतरले," आणि तुमची भाकरी थापायला घ्यायची.

त्या दिवशीची दुपार आहे. स्वयंपाकघराला खिडकी नाही, म्हणून मी उंबऱ्यात बसून शेंगा फोडते आहे. बल्ब लागतो. आई म्हणते, "उतरले. ताट घे त्यांचं." मी ताट घेते. भाकरी टम्म फुगते, मग बसते, मग गार होते. आई दुसरी टाकत नाही, ती दाराकडे बघते. दारात वायरमन येतो, त्याच्या पायात चप्पल नाही. पलीकडच्या डीपीवरचं त्याचं स्वतःचं काम संपलं होतं. तुम्हीही उतरला असाल असं त्यानं धरलं आणि न बघताच फोनवर म्हणाला, झालं, चालू कर. वर आणखी कुणी आहे हे सबस्टेशनला ठाऊकच नव्हतं. झिरोला कोण विचारतो?

मी वायरमनवर चिडायला हवं, पण कितीतरी वर्षं मी तुमच्यावरच चिडले आहे. स्कॉलरशिप मिळाली तेव्हा तुम्ही मला लाल मुठीचा टेस्टर दिला होता. एकदा मी तो न लावताच बोर्डात बोट घातलं, तर तुम्ही हातावर फटका मारलात. "कावून बघितलं न्हाईस? लाईन बंद हाय आसं कुनी बी सांगू दे, आपन आदी बघायचं." मग तुम्ही नाही का बघितलंत? हल्ली कळतं, बघितलंच असेल. टेस्टर आत्ताचं सांगतो, पुढच्या घडीचं सांगत नाही. त्यासाठी तारेला जमिनीशी जोडणारी अर्थिंगची साखळी लावून ठेवायची असते, आणि तुमच्याकडे ती नव्हती.

आज सकाळी धाकटा गाडीला किक मारत होता. मी विचारलं, "आज कुठं?"

"धर्मापुरीकडं. तार तुटलीय."

"साखळी लावतोस ना?"

"लावतो की."

"खरं सांग."

"एकच हाय, आक्का. म्हातारा त्येच्या कामावर नेतो." मग माझा चेहरा बघून हसला. "तू तुज्या मशिनी संबाळ. त्या मेल्या तर पुन्ना चालू तरी व्हत्यात."

उतरल्यावर फोन करायचा, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. धर्मापुरीकडची लाईट इथे दिसत नाही, आणि दिसली असती तरी तिच्यावर मी विश्वास ठेवला नसता. आता ऊन भिंतीवरून उतरलंय. मी लावलेला फोन नुसता वाजून थांबला. गाडीवर असेल, किंवा फोन खाली पिशवीत असेल. आईनं परातीत पीठ घेतलंय आणि विचारते आहे, "टाकू का त्याची?" मी म्हटलं, थांब. पिठावर ओलं फडकं टाकून ती तशीच बसून राहिली.

हे पत्र मी टेस्टरच्या डब्यात ठेवीन, दुसरं कुठं ठेवणार. एक मात्र सांगते. सरावाच्या पेपरात एक प्रश्न दरवेळी येतो: निरोप थांबल्यावर किती वेळानं नोड मेला असं धरायचं? उत्तर मला पाठ आहे, अण्णा. तरी दरवेळी मी ती जागा कोरी सोडते.