कालव्यातलं ऊन पाणी

३ मार्च
आले एकदाची. खोली लहान, पण खिडकीखालीच तलाव. वीजकेंद्रातलं गरम पाणी ज्या कालव्याने तलावात पडतं, तोही इथूनच दिसतो. आंघोळीला पाणी तापवायला नको, असं आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, नवऱ्यापेक्षा नोकरी चांगली निघाली तुझी.

काम सोपं. रोज दुपारी बाराला कालव्याच्या तोंडाशी पाण्याचं तापमान मोजायचं, वहीत लिहून सही करायची. मर्यादा पस्तीस अंशांची. मुकादमकाकांनी पद्धत दाखवली: बादली भरायची, सावलीत ठेवायची, चहा पिऊन यायचं, मग थर्मामीटर बुडवायचा. चौतीस भरलं. सही ठोकली.

५ मार्च
आज चहा टाळला आणि थर्मामीटर थेट कालव्यात सोडला. एक्केचाळीस! म्हणजे माझ्या दोन्ही दिवसांच्या सह्या खोट्या. स्वतःचाच राग आला. एक्केचाळीस लिहिलं. वीजकेंद्राच्या साहेबांनी बोलावून गोड आवाजात बादलीची आठवण करून दिली. मी म्हटलं, मासे बादलीत राहत नाहीत. मग आवाजातला गोडवा उतरला.

खोलीपासून तलावात उतरणाऱ्या पायऱ्यांवर जाळी विणणाऱ्या मावशी भेटल्या. म्हणाल्या, ऊन पाण्यात हवा टिकत नाही, मासे गुदमरतात, अंडी तर फुटायच्या आधीच शिजतात. माझ्या आधीचा माणूस वर्षभर चौतीस लिहायचा. मासे त्याला शोधत पायऱ्या चढले, पुढे तो कुणाला दिसला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यांनी. मी हसले.

८ मार्च
भर दुपारी पायऱ्यांशी शेकडो मासे. डोळे उकडल्यासारखे पांढरे. तोंडं एकदम उघडत होती, एकदम मिटत होती, सगळी माझ्याकडे वळलेली. पाणी कालच्यापेक्षा दोन पायऱ्या वर. मी मोठ्याने एक्केचाळीस म्हटलं. तोंडं मिटली ती मिटलीच. मग वहीतही तेच लिहिलं.

१० मार्च
तपासणीवाले परवा येणार. साहेबांचा निरोप आला: वही द्या, हवी तिथे बदली घ्या. देणार नाही. मी गेले की या वहीत पुन्हा चौतीसच उतरणार. भीती वाटतेय, खूप वाटतेय, पण हटायची नाही.

११ मार्च
पाणी उंबऱ्यावर. मुकादमकाका पळाले — मलाही ओढत होते. दोन दिवस चुकले, कबूल, असं माशांना ओरडून सांगितलं. त्यानंतरचं सगळं खरं —

१२ मार्च
खोलीत गुडघाभर. मी टेबलावर, वही छातीशी. बेचाळीस. म्हटलं. तोंडं मिटली.

चव्वेचाळीस.

तपासणीवाल्यांची गाडी आली वाटतं — नाही. तोंडांचाच आवाज.

सत्तेचाळीस. विचारा किती विचारायचं ते, खरं तेच सांगेन.

पन्नास. थर्मामीटर इथंच संपतो, पुढे रेघा नाहीत. पाणी तापतंच आहे. तोंडं उघडी, मिटत नाहीत, आकडा मागताहेत. अंदाजाने नाही सांगणार. डोळ्यांना दिसेल तेवढंच मी —