जोत्याचा दगड

पनवेल,
२३ फेब्रुवारी १९६१

प्रिय जगन,

आधी घडले ते क्रमाने लिहितो. माझे मत नंतर. भरतीचे पाणी अडवणारी, खाडीच्या बांधावरील उघाडीच्या झडपदारांची नवी भिंत गेल्या मे महिन्यात पुरी झाली. जूनपासून ती हलते की नाही हे आपण चार साधनांनी पाहू लागलो: उंची मोजायची माझी दुर्बीण, तुझा ओळंबा, भेगांवर चिकटवलेल्या काचेच्या पट्ट्या आणि बांधात पुरलेल्या पाण्याच्या नळ्या. सप्टेंबरात दोन पट्ट्या तडकल्या, ओळंबा पाऊण इंच खाडीकडे सरकला, नळ्यांतले पाणी चढले. दुर्बिणीत मात्र भिंत केसभरही खचलेली नव्हती. मी तुझ्या तिन्ही रकान्यांवर तांबडी रेघ ओढली, ‘निरीक्षक निष्काळजी’ असा शेरा लिहिला, आणि दिवाळीपूर्वी तुझी बदली झाली.

येथवर तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असे की तू गेल्यावर बांधावर शांतता झाली. मी दिसलो की मिठागरातल्या बायका नमस्कार करतात आणि गप्प होतात. तुझ्याशी त्या भांडत असत. “जगनभाव, तुजा दोरा आज काय बोलतंय?” असे सखूबाई दुरून ओरडे आणि पानात बांधलेली सुकट तुझ्या पिशवीत कोंबी. मला सुकट खायची नव्हती. पण तिने एकदा विचारायला हवे होते. पुण्यासही हेच. पहिला क्रमांक माझा, आणि मोजणीला निघताना प्राध्यापक हाक मारीत ती तुला. माझी अक्षरे, माझे आकडे, माझी वही तुझ्यापेक्षा नेहमीच नीटस होती. त्याबद्दल कोणी काही बोलत नसे.

गेल्या अवसेच्या उधाणाला सखूबाईने मला कचेरीच्या दारातच गाठले. म्हणाली, “सायेब, मिठाच्या गुदामाची तिसरी पायरी कंदी भिजत नवती. औंदा भिजतंय. तुमचा दगूडच बुडतंय, तं भिंत बुडलेली तुमाला कशी कललं?” गुदामाच्या जोत्याच्या ज्या दगडावर माझी खूण कोरलेली आहे आणि जिच्यावरून मी भिंतीची उंची मोजत होतो, त्याविषयी ती बोलत होती. जाता जाता म्हणाली, “जगनभावाला कवाच सांगला होता.” मला सांगावे असे तिला आठ महिन्यांत वाटले नाही.

तीन दिवस मी टेकडीच्या कातळापासून बांधापर्यंत दुर्बीण नेली आणि परत आणली. जोते सव्वादोन इंच खचले आहे, भिंतही तितकीच. एकाच चिखलावर दोन्ही उभी. दोन्ही बरोबर खाली गेली, आणि माझ्या वहीत आठ महिने शून्य पडत राहिले.

आता हे पत्र का, ते. ऑगस्टात तू म्हणाला होतास, खूण कातळावर घेऊ. तुझे म्हणणे बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळले होते. ते तुला माझ्याआधी सुचले, म्हणून मी नाकारले. भिंत सुरक्षित असल्याचा दाखला ३१ मार्चला माझ्या सहीने जायचा आहे. तिच्यामागे सखूबाईचे अख्खे गाव आहे. दाखला मी देणार नाही. अहवालात तुझे तिन्ही रकाने तुझ्या नावाने परत घातले आहेत आणि माझा शेरा खोडून खाली कारण लिहिले आहे, वर लिहिले तेच. पण पावसाळ्यापूर्वी भिंत टेकू देऊन धरायची, तर ओळंब्यापाशी तूच हवास. तुझ्याइतके अचूक वाचन मला जमत नाही. हे वाक्य मी चार वेळा खोडले.

येणार की नाही, आणि मला क्षमा आहे की नाही, दोन्ही लेखी कळव. निरोप पाठवू नकोस. तोंडी क्षमा तू कोणालाही करतोस. मला माझी कागदावर, तुझ्या सहीनिशी हवी.

तुझाच,
धर्मराज