डाळिंबी शर्ट आणि आकाशी ढग

॥ श्री ॥

रास्ता पेठ, पुणे
१२ जानेवारी २०२५

चि. आमोद यास आनंदीआत्याचे अ. उ. आ.

पत्रास कारण की, आजपासून मी तुझ्याशी अबोला धरला आहे. हे फोनवर सांगितलं असतं तर सांगतानाच मोडला असता, म्हणून पोस्टाने कळवते. आपल्या घरात अबोल्यात लिहायला कधीच बंदी नव्हती. वल्लरीचे फोन मी उचलीन. तिचं माझं काही वाकडं नाही. फक्त ती बोलत असताना मागून तू काही सुचवायचं नाहीस.

कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे नंतर विसरलो म्हणायला नको. काल संध्याकाळी आम्ही नेहमीची मंडळी क्लबच्या पायऱ्यांवर बसलो होतो. एका पोऱ्याने खोकं आणून दिलं. सीतारामने ते उघडलं. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यातून उठून मॅचला आलेला हा माणूस. त्याने एक शर्ट वर काढला आणि विचारलं, की हे एखाद्या वसतिगृहाचे रात्रीचे कपडे चुकून इकडे आलेत का. फिकट आकाशी रंग, त्यावर पांढरे ढग, आणि पाठीवर एका गादी कंपनीचं वाक्य, ‘निवांत झोपा’. आमोद, हे तू आपल्या बचावफळीच्या पाठीवर छापून घेतलं आहेस.

विजयध्वज क्लबचा शर्ट डाळिंबी असतो आणि छातीवर आडवा पांढरा पट्टा असतो. माझ्या जन्माआधीपासून असतो. तू चार वर्षांचा असताना मी तुला खांद्यावर बसवून मॅचला न्यायची, तेव्हा तुला खेळाडूंची नावं येत नव्हती, पण डाळिंबी दिसला की टाळ्या वाजवायचास. आज तू क्लबचा सेक्रेटरी आहेस आणि तोच शर्ट बदलतोस. जुने सगळे संच भोरकडच्या कुठल्या शाळेला देऊन टाकलेस असंही कळलं. दानधर्म चांगलाच. घरातली माणसं अजून दिली नाहीस, आभारी आहे.

सूनबाईस आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ तूर्त घडी करून कपाटात ठेवला आहे, कसर लागणार नाही याची काळजी घेईन.

तुझी (सध्या नावापुरती)
आनंदीआत्या

*

बाणेर, पुणे
१८ जानेवारी २०२५

ती. आत्यास आमोदचा शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. रास्ता पेठेतून बाणेरला यायला त्याला जितके दिवस लागले, तितक्यात तू चालत येऊन मला एक धपाटा घालून परत गेली असतीस.

आधी तक्रार करतो. क्लबच्या दारावर परवापासून एक पाटी लागली आहे: ‘येथे गाद्या पिंजून मिळतील. फुटबॉलची चौकशी करून आमची झोपमोड करू नये.’ खाली कुणाची सही नाही. पण ‘झ’ काढायची ती पद्धत मी शाळेतल्या फळ्यावर वर्षानुवर्षं पाहिली आहे. पी.टी.च्या बाई निवृत्त झाल्या तरी अक्षर निवृत्त होत नाही.

आता खरं काय ते सांगतो. शर्ट मलाही आवडलेला नाही. पण गादीवाले सुखदेवभाऊ पुढे आले नसते तर मुलींचा संघ सुरूच झाला नसता. त्यांची प्रशिक्षक, त्यांचे बूट, सकाळचं मैदान, सगळं त्यांच्याकडून येतंय. मुलींना फुटबॉल खेळू द्या म्हणून तू क्लबच्या किती कमिट्यांशी भांडलीस ते मी लहानपणी ऐकलंय. दर वेळी चहा पाजून तुला परत पाठवायचे. या वेळी कमिटीत मी होतो, म्हणून मी हो म्हटलं. त्यांची अट एकच होती, क्लबने त्यांचा शर्ट घालायचा. ढग त्यांनी स्वतः निवडले आहेत.

नऊ फेब्रुवारीला आपल्या पुरुष संघाची सेमीफायनल आहे. सुखदेवभाऊ येणार आहेत आणि ती बघून पुढच्या वर्षाचं ठरवणार आहेत. तिथे तू आणि तुझी पायरीवरची मंडळी घोषणा देत उठलात, तर ते निघून जातील आणि मुलींचा संघ त्यांच्याबरोबर जाईल. तुला विचारायला हवं होतं, हे मान्य. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. आता एवढं एक ऐक.

लोभ कपाटात असला तरी किल्ली तुझ्याकडेच आहे, हे लक्षात असू दे.

तुझा
आमोद

*

॥ श्री ॥

रास्ता पेठ, पुणे
२४ जानेवारी २०२५

चि. आमोद यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पाटीबद्दल मला काही माहिती नाही. शुद्धलेखन मात्र निर्दोष आहे असं ऐकते.

मुलींचा संघ आणि ते ढग अशा दोन वस्तू तू एका पुडीत बांधून माझ्यापुढे ठेवल्यास. एक हवी तर दुसरी घ्या. भाजीवालाही कोथिंबिरीबरोबर एवढी जबरदस्ती करत नाही. पण तुझ्यापासून लपवत नाही: तो संघ मला हवा आहे. तू म्हणतोस त्याहून जास्त हवा आहे. तो माझ्यामुळे मोडला तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही.

तेव्हा शब्द देते. सेमीफायनलला आम्ही घोषणा देणार नाही, फलक आणणार नाही, तुझ्या गादीवाल्यांकडे वाकड्या नजरेने बघणार नाही. आपापले जुने डाळिंबी शर्ट घालून गप्प बसू. अंगात काय घालावं हे अजून तरी क्लबची कमिटी ठरवत नाही.

समोर खडकीचा संघ आहे ना? ते आपल्या गटात कधी आलेच नाहीत, म्हणून विचारते. आणि स्पर्धेच्या पत्रिकेत त्यांचं नाव आधी छापलंय की आपलं? सीतारामला उगाच उत्सुकता आहे. वल्लरीकरवी कळवलंस तरी चालेल.

डिंकाचे लाडू केले आहेत. अबोला असल्याने तुला पाठवत नाही, वल्लरीला पाठवते. तिने तुला दिले तर तो तिचा प्रश्न.

तुझ्या बऱ्यावाईटाची काळजी वाहणारी
आत्या

*

बाणेर, पुणे
१ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना वल्लरीचा सा. न. वि. वि.

लाडू मिळाले. आमोदने चार खाल्ले आणि अबोल्याचे असूनही चांगले झालेत म्हणाला. त्याने सांगायला सांगितलंय, की पत्रिकेत खडकीचं नाव आधी आहे आणि आपलं नंतर. एवढं कशाला हवंय, असं त्याने विचारलं नाही. त्याच्या डोक्यात सध्या सुखदेवभाऊंच्या खुर्चीची सोय आहे.

तुम्ही सांगितलेले शर्टावर लावायचे पांढरे नंबर बुधवार पेठेत मिळाले. दोनपासून सोळापर्यंत पाठवते आहे. तुम्ही म्हणालात एक नंबर नको, गोलकीपरचा शर्ट वेगळाच असतो. आत्या, प्रेक्षकांत बसणाऱ्या माणसांना नंबर कशाला आणि त्यांच्यात गोलकीपर नाही याची काळजी कशाला, हे मी विचारत नाही. कारण कळलं तर मला आमोदपासून लपवावं लागेल, आणि मला ते जमत नाही.

गेल्या शनिवारी मुलींचा सराव बघायला गेले होते, सगळ्या त्याच ढगांच्या शर्टात. राजनंदिनी नावाची एक मुलगी आहे, वडील मार्केट यार्डात हमाली करतात. ती पेनल्टी मारायला धावली की गोलमागे बसलेले पालक उठून बाजूला होतात. तुम्ही एकदा यायला हवं.

तब्येत सांभाळा, आणि जे काही करणार आहात ते जरा बेताने करा.

तुमची
वल्लरी

*

बाणेर, पुणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

काल मैदानावर तू दिलेला शब्द तंतोतंत पाळलास. एक अक्षर बोलली नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानावेत की तुला हात जोडावेत, ते अजून ठरत नाही.

तुझ्या जागेवरून तुला सगळं दिसलंच. माझ्या जागेवरून काय झालं ते ऐक. आपली मुलं ढगांत मैदानावर उतरली. मग खडकीची उतरली, आणि तीही आकाशी. रेफरीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि मला बोलावून घेतलं. नियम असा, की पत्रिकेत ज्याचं नाव नंतर त्याने शर्ट बदलायचा, नाहीतर सामना समोरच्याला. मी जुन्या संचाची आठवण काढली. तो भोरला. सुखदेवभाऊ पहिल्या रांगेत बसून मला विचारत होते, की काही अडचण आहे का.

तेवढ्यात तू उठलीस. सीतारामकाकांच्या खांद्यावर नुसता हात ठेवलास आणि त्यांनी शर्ट काढून माझ्या हातात दिला. मग त्यांच्या शेजारच्यांनी, मग मागच्या रांगेने. डाळिंबी, आडवा पांढरा पट्टा, आणि प्रत्येकाच्या पाठीवर नंबर. रेफरी म्हणाला, तुमचे समर्थक भलतेच तयारीचे दिसतात. काकांच्या बनियनला मूठ जाईल एवढं भोक होतं. कोंडीरामकाकांनी तर बनियनच घातलं नव्हतं, ते पूर्ण सामना पेपर पांघरून बसले. त्यांचा शर्ट आपल्या विंगरला मिळाला. तो डावीकडे वळायचा आणि शर्ट थोड्या वेळाने वळायचा.

गोलकीपरचा शर्ट पिवळा, तो बदलावा लागला नाही. त्यामुळे ‘निवांत झोपा’ तेवढं त्याच्या पाठीवर राहिलं. त्याच्या पायांतून दुसरा गोल गेला तेव्हा खडकीच्या पोरांनी ते दोन शब्द एका सुरात वाचून दाखवले. आपण दोन-एकने हरलो. आणि हरलेल्या संघासाठी लोक उघड्या अंगाने उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी वळून पाहिलं तेव्हा माझेही डोळे भरून आले होते, आणि तुझ्यावरचा रागही तेवढाच होता.

आता सुखदेवभाऊंचं. मी माफी मागायला गेलो. त्यांनी आधी मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. मग म्हणाले, की वीस वर्षं धंदा करतोय, पण माझ्या मालासाठी कुणी अंगातला शर्ट काढून दिला नाही. असला शर्ट बदलायला निघालो ते चुकलंच. संघाने डाळिंबीच घालावा, पट्ट्याखाली कंपनीचं नाव बारीक अक्षरात चालेल, आणि मुलींचा खर्च ते करतच राहणार. ढगांचं मात्र त्यांना थोडं वाईट वाटलं. मुलींनाही डाळिंबीच द्यायचं ठरलं आहे.

तेव्हा तू जिंकलीस. मुलींचे नवे डाळिंबी शर्ट आले की सरावाला तूच घेऊन जा. तो मान तुझाच आहे. आणि ते नंबर आधीच कसे लागले होते, हे मी तुला या जन्मी तरी विचारणार नाही.

लाडवांइतकाच लोभही आडवाटेने येत राहावा.

तुझा
आमोद

*

॥ श्री ॥

रास्ता पेठ, पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

चि. आमोद यास अनेक आशीर्वाद.

नंबरांचं म्हणशील तर वयस्कर माणसं गर्दीत हरवतात, म्हणून लावले होते. हरलो त्याचं वाईट वाटलं, पण आपल्या कपड्यांत हरलो.

आज सकाळी मुलींकडे गेले होते. मोठ्या दिमाखात गेले, खोटं कशाला सांगू. नवी इरकली नेसले. शर्टांचा गठ्ठा रिक्षातून मांडीवर घेऊन गेले. सगळ्यांना गोल बसवलं आणि विजयध्वजच्या डाळिंबी शर्टाचा इतिहास सांगितला. कोण कोण तो घालून खेळलं, कुणी कुठल्या सालात कुणाला हरवलं, सगळं. पोरींनी नीट ऐकून घेतलं. मग एकेक शर्ट हातात द्यायला लागले तर राजनंदिनीने घेतलाच नाही. म्हणाली, की बाई, आमचे ढगवाले आम्हाला राहू देत.

मला आधी वाटलं चेष्टा करते आहे. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, तुम्ही सांगितलेल्या नावांत एकपण बाई नाय. तो त्यांचा शर्ट हाय. हा पहिल्या दिवसापास्नं आमचा हाय.

आमोद, हे उलट उत्तर तिने मला दिलं. मला! पी.टी.च्या तासाला उत्तर देणाऱ्या पोरांना मी मैदानाला चकरा मारायला लावायची. मी तिथेच गठ्ठ्यावर बसले. तिचं खरंच होतं. सगळा जन्म मी त्या शर्टासाठी टाळ्या वाजवल्या, भांडले, आणि तो कधी माझ्या अंगावर चढला नाही. सेमीफायनलला मी सगळ्यांना जुने शर्ट घालून बसवलं, तेव्हा माझ्या अंगावर काय होतं आठवतं का? डाळिंबी साडी. कारण माझ्याकडे शर्टच नव्हता. कुणी दिला नाही आणि मीही कधी मागितला नाही. हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि त्या पोरीला पाच मिनिटांत दिसलं. वाईट वाटलं, आणि ती तसं बोलली याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम झालं, म्हणून डोळे पुसावे लागले. उन्हाचं निमित्त केलं.

तेव्हा कमिटीला कळव, की मुलींचा संघ ढगांतच खेळेल. सुखदेवभाऊंनाही सांग, त्यांना बरं वाटेल. डाळिंबी शर्ट पुरुषांच्या संघाला द्या, कोंडीरामच्या शर्टापेक्षा तरी मापात बसतील. सीतारामला हे कळल्यापासून तो मला फितूर म्हणतो आणि पायरीवर मुद्दाम लांब बसतो. बसू दे, येईल सरकत.

आता तुझ्याशी बोलायला लागायला हवं, कारण कामाचं आहे आणि पत्राने उशीर होईल. मुलींनी मला त्यांची मॅनेजर केलं आहे. मी नाही म्हणाले नाही. त्यांची अट अशी, की मैदानाच्या कडेला बसेल त्याने संघाचाच शर्ट घालायचा, मॅनेजरनेसुद्धा. पुढच्या रविवारी पहिली मॅच आहे. हे पत्र पोस्टाने नाही, माणसाच्या हाती पाठवते आहे, तर उद्या सकाळी फोन कर, माझं माप सांगते. साडीवरून घालायचा आहे, तेव्हा ढगांना जागा सोडून मोठाच सांग. आणि पाठीवरचं वाक्य काढायला सांगू नकोस. माझ्या पाठीवर ‘निवांत झोपा’ वाचून ज्याला हसू येईल त्याने समोर येऊन हसावं, मी रविवारी दिवसभर तिथेच उभी आहे.

तुला आणि वल्लरीला भरपूर माया.

तुझी
आनंदीआत्या
मॅनेजर, विजयध्वज मुलींचा संघ